रिकामं म्हणजे शून्य नव्हे

आमच्या वहिनीला ऑफिसात सगळे 'फौजदार' म्हणतात, आणि मी तिची सख्खी नणंद असूनही सांगते, ते नाव तिला शोभतं. ती प्रोग्रॅम लिहिते. तिचं म्हणणं, आकडा म्हणजे आकडा आणि मजकूर म्हणजे मजकूर. एकाच्या जागी दुसरा घुसला तर संगणकाने तिथल्या तिथे हटकलं पाहिजे. दादा, म्हणजे तिचा नवरा आणि कामातला भागीदार, बरोबर उलटा. त्याला प्रोग्रॅम लिहायला सैल भाषा आवडते, समोर येईल ते गोड मानून पुढे चालणारी. जेवताना दोघांची यावरून अशी जुंपते की मी मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसते.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चौकस स्वभावाला औषध नाही. म्हणून परवा थेट त्यांच्या ऑफिसातच गेले. एका रंगाच्या कारखान्यात विषारी वायूची गळती मोजणारी यंत्रं खोल्याखोल्यांत बसवलेली आहेत. त्यांच्यावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम दोघांनी आपापल्या भाषेत लिहिला होता आणि कुठला द्यायचा ते त्या दिवशी ठरणार होतं. "या वेळी सैल कारभार पुढे रेटलास तर मी दुसरीकडे काम बघते," वहिनीने दादाला आधीच बजावलं होतं. ती उगाच धमकी देत नाही.

वहिनीने टेबलावरच्या एका यंत्राची वायर उपटली. दादाच्या पडद्यावर लगेच उमटलं, 'गळती शून्य', आणि हिरवा दिवा.

"यंत्र मेलंय, आणि तुझा प्रोग्रॅम म्हणतो हवा स्वच्छ! माणसं आत जातील ना रे!"

"रिकामं आलं, त्याने शून्य धरलं," दादा ओशाळून म्हणाला. "पण तुझा बघ."

तिचा प्रोग्रॅम आकडा मिळाला नाही म्हणून फुगून बसला होता. पूर्ण बंद.

"आता बाकीच्या खोल्यांकडे कोण बघणार?" दादाने विचारलं.

वहिनीचा चेहरा पडला. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं. "नुसता 'आकडा' नाही, 'आकडा किंवा माहीत नाही' असा प्रकार ठरवायचा. मग 'माहीत नाही' आलं तर काय करायचं ते लिहिल्याशिवाय भाषा मला पुढे सोडणारच नाही. त्या खोलीचा भोंगा वाजेल, बाकीच्यांचं काम चालू."

"हे माझ्या भाषेतही लिहिता येईल."

"येईल. पण लिहायचं राहून गेलं तर ती तुला विचारणार नाही."

दादाने मान हलवली. "बरं, तुझाच देऊ. मग आता कुठे जात नाहीस ना?"

वहिनी काहीच बोलली नाही. दादाने सवयीने पिशवी उचलली. तिच्या गप्प बसण्याला तो लग्नापासून होकारच समजत आलाय. दारापर्यंत गेला, थांबला, आणि पिशवी खाली ठेवून परत आला.

"हे मी 'नाही जात' असं धरू नये ना?"

"नको धरूस," वहिनी म्हणाली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "मला परत विचार."