पोत्यांवरचं वजन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात चुका काढत वाचतो. वारा असेल, मांजर असेल, झोप अपुरी झाली असेल... स्वभावच तसा. शिवाय जन्म काशीत गेला. बालाजी घाटाजवळ राहणाऱ्या माणसाला प्रेतयात्रांचं नवल नसतं. मेलेल्यांची मला भीती वाटली नाही आणि ते परत येतात असंही कधी वाटलं नाही. येत असते तर आमच्या गल्लीत चालायला जागा उरली नसती.

तरीही हे लिहितो आहे. हळूहळू लिहितो आहे, कारण यातला काही भाग मी फक्त एका माणसाला सांगितला होता आणि तोही आता नाही.

मी सिव्हिल इंजिनियर. कॉलेजात शिकवत असे आणि बाहेरची माती तपासणीची कामंही घेत असे. इमारत बांधायच्या आधी खालची जमीन किती भार सोसेल ते पाहायचं आणि पाया कसा घ्यावा ते सांगायचं, एवढंच ते काम. गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या हिवाळ्यातली. त्याआधीच्या भाद्रपदात माझी पत्नी नलिनी गेली होती.

नलिनी दूधविनायकला मुलींच्या एका लहानशा शाळेत शिकवायची. शाळा म्हणजे गल्लीतल्या दोन अंधाऱ्या खोल्या. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय फळा दिसत नसे. तिनं चार वर्षं लोकांच्या मागे लागून गंगेपलीकडे, रामनगरच्या वस्तीच्या टोकाला, शाळेसाठी एक जागा मिळवली होती. ती गेल्यावर शाळेच्या ट्रस्टमधल्या निम्म्या लोकांचा उत्साह ओसरला. नदीकाठची माती, पाइलचे, म्हणजे जमिनीत खोल उतरवायचे खांब घालावे लागतील, ते आपल्याला झेपणार नाही, असं म्हणणं सुरू झालं. शेवटी ठरलं की संक्रांतीच्या बैठकीत माझा रिपोर्ट ठेवायचा. साधा पाया चालत असेल तर बांधायचं, नाहीतर जागा परत करायची.

ट्रस्टचे चिटणीस दामूकाका, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. जवळजवळ रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचे. मी एकटा जेवतो की नाही हे पाहायला येत, पण तसं म्हणत नसत. "माती पास की नापास, एवढंच सांग," म्हणायचे. "मार्कं नकोत मला. ट्रस्टच्या लोकांना टक्केवारी कळत नाही." मी म्हणायचो, अजून पेपर चालू आहे. मग ते पोळ्यांचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवायचे.

आधी दोन ठिकाणी बोअर घेतले होते. वर चिकणमाती, खाली रेती, पण मधला एक थर मऊ निघाला. त्यावरून ठामपणे काही सांगता येईना, म्हणून प्लेट लोड टेस्ट घ्यायची ठरवली. ती साधी असते. पायाच्या खोलीइतका खड्डा खणायचा, तळाशी जाड पोलादी प्लेट बसवायची, प्लेटवर एक खांब आणि खांबावर, जमिनीच्या वर, लाकडी मचाण. मचाणावर वाळूची पोती टप्प्याटप्प्यानं चढवायची. प्लेट किती दबते ते दोन डायल गेज दाखवतात. घड्याळासारखी तबकडी, त्यात काटा आणि एकेक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. एक टप्पा चढवला की काटा थांबेपर्यंत वाट पाहायची, मग पुढचा. तोवर पोत्यांना कोणी हात लावायचा नाही. वाट पाहणारा माणूस खड्ड्यात, त्या सगळ्या वजनाच्या जवळ, स्टुलावर बसून असतो. इतरांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला त्या वर्षी ते बरं वाटत होतं. खड्ड्यात कोणी 'कसे आहात' विचारायला येत नाही.

सकाळी मी पिंपांवर तरंगणाऱ्या पीपा पुलावरून स्कूटर घेऊन पलीकडे जायचो. पौषातलं धुकं असं की पुलाचं दुसरं टोक दिसत नसे. साइटवर रामधनी नावाचा मेट, म्हणजे मुकादम, आणि त्याची माणसं. टेस्टच्या पहिल्या दिवशी ताडपत्रीचं एक टोक सुटलं, तर रामधनी सरळ पोत्यांवर चढला. खाली दोन्ही काटे एकदम पुढे सरकले. मी ओरडलो. तो उतरला, काटे जवळजवळ होते तिथं परत आले. मग मी त्याला समजावलं की इथं तुझंही वजन मोजलं जातं. तो म्हणाला, "साहब, घर में तो कोई नहीं तौलता. यहाँ तौल लिए गए." त्याची माणसं हसली. तो टप्पा मी पहिल्यापासून घेतला.

हे सांगायचं कारण असं की पोत्यांवर माणूस चढला तर काटा कसा हलतो ते मला त्या दिवशी कळलं. ट्रक गेला की काटा नुसता थरथरतो. माणसाचं तसं नाही. काटा सरकतो आणि तिथंच राहतो.

पुढच्या दिवशी दुपारी शेवटचे दोन टप्पे उरले होते. माणसं जेवायला रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेली. मी डबा आणला नव्हता. धुकं विरलंच नव्हतं, ऊन नव्हतं, वारा नव्हता. काटे थांबत आले होते. माझ्या हातात पुस्तक होतं, पण वाचत होतो असं म्हणता येणार नाही.

काटे सरकले... दोन्ही, एकाच वेळी, सारखेच. आणि तिथंच राहिले.

मला वाटलं कोणीतरी वर चढलं. वानर असेल, रामनगरला काय कमी आहेत! मी शिडीनं वर आलो. पोत्यांवर कोणी नव्हतं. ताडपत्रीवर दव साचलेलं होतं, जसंच्या तसं, कुठंही पुसलेलं नाही. भोवतालच्या ओल्या मातीत आमच्या सकाळच्या पावलांखेरीज काही नव्हतं. मचाण कुठं टेकलंय का पाहिलं. नव्हतं. पुन्हा खाली उतरलो, तबकड्यांच्या काचांवर बोटानं हलकेच टिचकी मारली. काटा कधीकधी अडकतो, म्हणून आम्ही मारतो तशी. काटे हलले नाहीत.

मग मी घरं मोजली. रामधनीच्या वेळी जितकी सरकली होती त्याच्या निम्म्याहून थोडी कमी.

इथं थांबून एक सांगायला हवं. नलिनीच्या शेवटच्या महिन्यात तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर मीच उचलून ठेवत असे. दर आठवड्याला ती हलकी होत गेली. इंजिनियर माणूस... मनात नको असतानाही अंदाज करतोच. शेवटी ती किती राहिली होती ते मला माहीत होतं, वजनकाट्याशिवाय माहीत होतं.

ती घरं पाहिल्यावर मला भीती वाटली नाही. मी स्टुलावर बसलो. घरी आम्ही असेच बसत असू. ती वह्या तपासायची, मी वाचायचो, तास तास कोणी बोलत नसे. मध्येच तिच्या बांगड्या वाजायच्या. इथं काही वाजलं नाही. आवाज नाही, वास नाही, सावली नाही. फक्त दोन काटे, जिथं असायला नकोत तिथं थांबलेले. पाच मिनिटं असतील किंवा वीस असतील, मी घड्याळ पाहिलं नाही. टेस्ट चालू असताना घड्याळ न पाहिल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ. भाद्रपदापासून पहिल्यांदाच मला घरात कोणी असल्यासारखं वाटत होतं, आणि मी मात्र रामनगरच्या एका खड्ड्यात बसलो होतो.

मग रस्त्यावरून रामधनीचा आवाज आला. माणसं परतत होती. मला भान आलं की काटे असे राहिले तर हा टप्पा बाद. यावर पुढचं वजन चढवता येणार नाही. सगळी पोती उतरवा, नवा खड्डा, पुन्हा पहिल्यापासून. संक्रांत दोन दिवसांवर, माणसं खिचडीच्या, म्हणजे संक्रांतीच्याच, सणाला गावी जाणार. बैठकीत माझ्या हातात काही नसणार आणि ज्यांना जागा परत करायची होती ते तेवढ्यावर ती परत करणार.

मी वर पाहिलं. ताडपत्रीची खालची बाजू दिसत होती. मी म्हणालो, "नलिनी, उतर आता. टेस्ट बिघडेल."

साध्या आवाजात म्हणालो. घरी म्हणतो तसं.

काटे परत आले.

रामधनी खड्ड्यात डोकावून विचारत होता, "साहब, चढ़ाएँ?" मी "थांबा" म्हणालो. मराठीत. त्याला कळलं नाही, तो पुन्हा विचारत राहिला. मग मी मानेनंच हो म्हटलं.

टेस्ट पूर्ण झाली. जमीन चांगली निघाली, साधा पाया पुरेसा होता. मधले ते आकडेही मी रिपोर्टात जसेच्या तसे लिहिले, शेरा मोकळा ठेवला. बैठकीत कोणी ते पान वाचलं नाही. शाळा बांधायचं ठरलं.

टेस्ट झाली त्याच संध्याकाळी दामूकाकांना मी सगळं सांगितलं. ते चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी वानराचं विचारलं, मग उन्हानं लोखंड प्रसरण पावतं का ते विचारलं. मी म्हटलं, ऊन नव्हतं.

"माधव," ते म्हणाले, "अरे, दोन घटका बसू द्यायचं होतंस तिला."

"शाळा तिचीच होती, काका," मी म्हटलं. जाताना ते डबा न्यायचाही विसरले.

शाळा उभी आहे. भिंतीला आजवर तडा नाही, वर्गात उजेड भरपूर आहे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ टेस्ट घेतल्या. मिर्झापूरला, गाझीपूरला, इथं आसपासही. दर वेळी दुपारी माणसांना जेवायला पाठवायचो, जरा लांबच्या हॉटेलात, आणि एकटा खाली बसायचो. दवाचं, वाऱ्याचं, तापमानाचं सगळं पाहून ठेवायचो. त्या दिवसाचं कारण शोधतोय असं स्वतःला सांगायचो. कारण सापडलं नाही. माझ्याच विषयातल्या दोन मित्रांना नाव न घेता आकडे दाखवले, त्यांनाही सांगता आलं नाही.

काटे पोत्यांच्या भारानं सरकायचे, थांबायचे, त्या दिवसासारखे मात्र पुन्हा कधी नाही. मी काही न बोलता बसून राहायचो. वर माणसं परत आली, पोती चढवायला लागली, तरी बराच वेळ बसून राहायचो.