खालांचा देखणा नट

गेल्या वर्षी पाय मोडला आणि मी दीड महिना प्लास्टरमध्ये घरात अडकले. शेजारच्या खाला रोज दुपारी सोबतीला यायच्या. वय सत्तरीच्या पुढे, मुलगे आखातात. नवरा आयुष्यभर बोटीवर नोकरीला होता. ते वारले त्याला चार वर्षं झाली होती.

मला हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांचं वेड. एका दुपारी असाच एक कृष्णधवल सिनेमा लावला, तर खालांचा अडकित्ता हातातच थांबला.

"हा कोण गं बाय? काय देखणा आहे मेला!"

होताच तसा. हसताना आधी डोळे हसायचे, मग ओठ. चालण्यात घाई नाही, कोट अंगावर जन्मापासून असल्यासारखा. खालांना इंग्रजी येत नव्हतं. मी अर्थ सांगायला लागले की म्हणायच्या, "राहू दे, कळतं मला."

मग आम्ही त्याचे सिनेमे ओळीने बघायला घेतले. मी मोबाइलवर त्याची माहिती वाचून दाखवायची. गरिबीतून आला, गोदीत ओझी उचलली, नाटकात बारीकसारीक कामं केली. पुढे वीस वर्षं दिग्दर्शकांनी त्याला पडद्यावर नुसतं प्रेमातच पाडलं. चेहरा आहे पण अभिनय नाही, असं समीक्षक लिहायचे.

"असला चेहरा असता तर मीपण नसता केला अभिनय," खाला म्हणाल्या.

शेवटी त्याच्या म्हातारपणातला सिनेमा आला. गाल ओघळलेले, केस विरळ. टोप लावायला त्याने स्वतःच नकार दिला होता म्हणे. खाला थोडा वेळ बघत राहिल्या, मग एकदम उठल्या. "बंद कर ते," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"आमचे हे फार देखणे होते. आजारी पडले आणि अगदी वाळून गेले. मी कुणाला त्यांच्या खोलीत येऊ दिलं नाही. लोकांनी पहिलं रूपच ध्यानात ठेवावं, असं मला वाटायचं. आणि ते रोज विचारायचे, आज कुणीच नाय आला?"

मी त्यांचा हात धरला.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लाव तो सिनेमा."

आम्ही तो पूर्ण बघितला. त्यात एका ठिकाणी तो एकटाच टेबलाशी बसून संत्रं सोलतो. हात थरथरतात, साल तुटते, पण हात लपवत नाही. तरुणपणीच्या एकाही सिनेमात मी त्याचं इतकं चांगलं काम बघितलं नव्हतं. खाला जराही हलल्या नाहीत.

सिनेमा संपल्यावर त्यांनी आपला मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. उशीला टेकलेला एक कृश म्हातारा, पांढरी दाढी, नजर थेट समोर.

"शेवटच्या महिन्यातला. कुणाला दाखवला नव्हता."

मी बराच वेळ बघितला. नाक सरळ होतं, भुवया दाट होत्या.

"देखणे आहेत," मी म्हटलं.

"मग! सांगत्ये काय मी," खाला म्हणाल्या आणि मुलांनाही तो पाठवायचाय, कसा पाठवायचा ते दाखव, म्हणून माझ्या मागे लागल्या.