मानवतचा वन्स मोअर

माझा आवाज लहानपणापासूनच उंच. वडील चुडाव्याच्या स्टेशनात पॉइंटमन होते आणि इंजिनानं शिट्टी दिली की मीही त्याच सुरात ओरडत असे. आई कपाळाला हात लावायची, "अगं, गाडी थांबंल की तुझ्यानं!" या आवाजापायी मी सतराव्या वर्षी नाटक कंपनीत आले आणि या आवाजापायीच मानवतच्या मुक्कामात माझं अन्नपाणी सुटलं.

कंपनीच्या संगीत नाटकांत तोवर नायिकेचं काम एक पुरुष करत आला होता. सगळे त्यांना मामा म्हणत. मानवतजवळच्याच एका खेड्यातले, शेतकरी घरातले. एके काळी त्यांच्यासारखा शालू नेसायची या भागातल्या बायकांत चढाओढ लागायची. पण आता वय झालं होतं, हनुवटीवर कितीही रंग थापला तरी खुंट दिसायचे आणि वरचा सूर लावताना आवाज फाटायचा. दुसऱ्या कंपन्यांनी खऱ्या बायका आणल्या, म्हणून आमच्या मालकांनी मला आणलं. मामांना त्याच नाटकात नायिकेच्या सखीचं काम दिलं.

मालक बोलायला फटकळ. "मानवतनं तुला उचलून धरलं तर तू नायिका. न्हाई तर दुसऱ्या दिवशीची गाडी अन् चुडावा." चुडाव्यात चुलत्यांनी माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. त्या घरात पाऊल टाकलं की माझं गाणं चुलीत जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कापसाचा हंगाम होता. जिनिंगच्या आवाराशेजारीच आमचा तंबू, आणि रुईचे बारीक तंतू हवेत, डोळ्यांत, घशात. मी मिठाच्या गुळण्या करी, ज्येष्ठमध चघळी, आणि घटकेघटकेला तंबूमागं जाऊन वरचा सा लावून बघे. आहे ना? आहे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मामांनी एकदा हटकलं, "किती येळा बघायलीस? पेरलेलं बी असं उकरत बसल्यावर उगवंल का?"

मला बाईसारखं चालायला एका पुरुषानं शिकवलं, असं सांगितलं की माझ्या नाती फिदीफिदी हसतात. हसू देत. मी स्टेशनात वाढलेली, ढांगा टाकत चालणारी. मामा तालमीत ओरडायचे, "राजाची पोर हाईस तू! रूळ काय ओलांडायलीस?" मग स्वतः चालून दाखवायचे, आणि त्या कळकट धोतरातही राजकन्या दिसायची.

तरी मला त्यांची भीती वाटायची. ज्याच्या पुढचं ताट आपण ओढून घेतलं, तोच आपल्याला वाढायला उभा राहिला तर घास उतरेल कसा? भर पदात शालू सुटला तर? उभं राहायची जागा त्यांनी मुद्दाम चुकीची सांगितली असेल तर? असले विचार करण्यात मी पटाईत होते, अजूनही आहे.

खेळाच्या संध्याकाळी शालू नेसवायला तेच आले. दुसऱ्या कुणाला नायिकेचा शालू नेसवता येतच नव्हता. तोंडात टाचण्या धरून ते निऱ्या घालत होते. मला राहवलं नाही.

"मामा, माझा राग आलाय का हो?"

त्यांनी टाचण्या तोंडातून काढून तळहातावर घेतल्या.

"लय आलाय. हात वर कर."

मग पदर खांद्यावर बसवून त्यांनी एकेक टाचणी आतून लावली. "आता तू नाच न्हाई तर पळ. ह्यो पदर हलायचा न्हाई."

तंबू गच्च भरला होता. पुढच्या खुर्चीवर पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब. त्यांच्या परवानगीशिवाय खेळच होत नसे, त्यामुळं ती खुर्ची कायमची त्यांची. एका अंगाला चिकाच्या पडद्याआड बायका. मामांचे भाऊ, पुतणे बैलगाडी जोडून आले होते. सखीच्या वेषातले मामा दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आले तेव्हा कुणीतरी खोकलं. मागून एकजण ओरडला, "आमची बाई कुठंय?"

पायपेटीचा सूर आला आणि पद सुरू झालं. पहिल्या ओळी मी कशा म्हटल्या, देव जाणे. वरचा सा जवळ येत होता आणि मला फक्त चुडाव्याचा फलाट दिसत होता. मग मी डोळे मिटले आणि लहानपणी इंजिनामागं ओरडायची तशी सुरावर झेप घेतली.

सूर लागला. स्वच्छ लागला, आणि हवा तेवढा वेळ टिकला.

आधी पडद्याआडून बायकांचा कालवा ऐकू आला, मग पुरुषांतून आरोळी उठली, "वन्स मोअर! वन्स मोअर!" मी खुळ्यासारखी जागीच उभी. वन्स मोअर आला की नायिकेनं पुढं होऊन नमस्कार करायचा असतो, एवढंही मला सुचेना.

मामा पुढं झाले.

वर्षानुवर्षांची सवय. हात जोडण्यासाठी वर उचललेले, मान किंचित झुकलेली, ओठांवर नायिकेचं हसू. आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं. सगळा तंबू बघत होता, त्यांचे पुतणे बघत होते.

ते वळले. उचललेले हात तसेच माझ्या खांद्यापाशी आणले आणि माझा पदर नीट केला. पदर जिथल्या तिथं होता.

"म्हण," ते पुटपुटले. "तुला म्हणायलेत."

पायपेटी पुन्हा सुरू झाली. त्या जागी सखीनं मागं उभं राहून नायिकेच्या आनंदात हसायचं, असं नाटकात लिहिलेलं होतं. मामा हसत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सूर गेला असता.