गावातून सगळ्यांच्या मागे गेलेला एर्मेस

एर्मेस तोन्योली म्हणजे आमच्या टीमचा पाणक्या. हा शब्द माझा नव्हे, त्याच्या बापाचा. मी टीमचा मेकॅनिक. माझ्यासमोर दुसऱ्या कुणी त्याला पाणक्या म्हटलं असतं तर हातातला पाना फेकून मारला असता. पण बापापुढे काय बोलणार? बार्तोलो म्हातारा, खाणीत दगड फोडून कंबर मोडलेला. पोरगा दरवर्षी जिरो शर्यतीत तीन आठवडे इटलीभर सायकल हाणतो, आणि कुणासाठी, तर देलिओसाठी! देलिओ आमचा कप्तान. त्याला वारा लागू नये म्हणून एर्मेस पुढे. त्याला तहान लागली की एर्मेस मागे आमच्या गाडीपाशी, शर्टात बाटल्या कोंबून पुन्हा पुढे. निकालात नाव कुठे? शोधत बसा! म्हातारा कधी रस्त्यावर बघायलाही आला नाही. "दुसऱ्याची हमाली काय बघायची?" म्हणायचा.

त्या वर्षी जिरो त्यांच्या गावातूनच जाणार होती. आमच्यात एक रीत आहे. ज्याचं गाव येतं त्याला अख्खा घोळका वाट देतो. त्यानं एकट्यानं पुढे जायचं, घरच्यांना मिठी मारायची, घोटभर वाइन प्यायची आणि मागून सगळे आले की पुन्हा त्यांच्यात शिरायचं. तेवढ्यात कुणी दगाफटका करत नाही. फक्त आधी सगळ्या कप्तानांना विचारावं लागतं. एर्मेसनं सकाळीच विचारून ठेवलं होतं.

"नेस्तोरकाका, आज सायकल चकचकीत करा हं," मला म्हणाला. "बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसणारेत."

"कोण, बार्तोलो?"

"आईनं सांगितलंय त्यांना, मी गावात पहिला येणार म्हणून."

"अरे, पण हा पहिला म्हणजे तसला पहिला नव्हे, ते कळतं का त्यांना?"

"नका ना सांगू, काका!" पस्तिशीला आलेला घोडा, पण लाजला लेकाचा. शेवटची जिरो होती ती त्याची. मी साखळी पुन्हा एकदा पुसली.

देलिओच्या अंगावर गुलाबी जर्सी होती, म्हणजे एकूण वेळेत तोच सगळ्यांच्या पुढे. पण त्या दिवशी त्याचे पाय गेले होते. तीन आठवड्यांत असा एखादा दिवस येतोच, पायांत जीवच नसतो. हे फक्त आम्हाला ठाऊक. मॅनेजर रेमोनं त्याला बजावलं, "हसत राहा. पुढे राहा. बाकीच्यांना वास लागला तर फाडून खातील." आणि हा शहाणा इतका हसला, शेजारच्यांशी इतक्या गप्पा ठोकल्या, की खायचंच विसरला! तांदळाचे केक खिशातल्या खिशात. आणि म्हणे कप्तान!

गावाखालच्या वळणावर एर्मेस घोळक्यातून सुटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आईला आमचा नमस्कार सांग रे!" मला भरून आलं. तेवढ्यात देलिओ सायकलवर डुलायला लागला. तोंड पांढरंफटक. घोळका आपल्या चालीनं पुढे, हा मागे मागे. रेमोनं हॉर्न दाबून धरला. एर्मेसनं वळून पाहिलं.

"जा रे!" मी खिडकीतून ओरडलो. "घरी जा, गाढवा!"

"नेस्तोर, तोंड बंद!" रेमो खेकसला.

एर्मेस थांबला. अख्खा घोळका त्याच्या शेजारून निघून गेला. मग तो आमच्या गाडीपाशी आला, बाटल्या घेतल्या, केक घेतले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. देलिओच्या तोंडात केक कोंबला, त्याच्या सीटला हात लावला आणि ढकलायला लागला.

असे ते दोघं गावात शिरले, सगळ्यांच्या मागून. चौकात बँड उभा होता. वाजवावं की नाही, त्यांना कळेना. दाराबाहेर बार्तोलो खुर्चीवर बसलेला. लग्नाकार्याला घालायचा कोट, हातात वाइनचा पेला. आणि समोरून पोरगा येतोय तो असा! शर्टात बाटल्यांचे उंचवटे, मान खाली, दुसऱ्याला ढकलत. नेमकं हेच बघायला नको म्हणून म्हातारा इतकी वर्षं घरात बसला होता हो!

म्हातारा उठला. पेला खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, आता आत जाऊन दार लावून घेणार.

"बाबा, नंतर येतो," एर्मेस कसाबसा म्हणाला.

"बोलू नकोस, दम जाईल!" म्हणत म्हातारा त्या मोडक्या कमरेनं चढावर धावायला लागला. दोन्ही हात पोराच्या पाठीला लावले आणि ढकललं. एर्मेस देलिओला ढकलतोय, बाप एर्मेसला.

"केवढा जड झालायस रे!"

"बाटल्या आहेत, बाबा."

"असू देत."

चर्चच्या भिंतीपर्यंत नेलं त्यानं. तिथे चढ संपतो. पोटात केक गेल्यावर देलिओला तरतरी आली, जर्सी थोडक्यात वाचली, ते सगळं पेपरात आलंच. पण चर्चपाशी मोटरसायकलवरचा पंच शिट्टी फुंकत आला, ते कुठे छापून आलं नाही.

"आजोबा, ढकलणं नियमात बसत नाही! त्या रायडरला दंड लागेल. कोण तुम्ही? नाव सांगा."

म्हातारा भिंतीला टेकून धापा टाकत होता. त्यानं कोट नीट केला.

"लिहा की! बार्तोलो तोन्योली. पाणक्याचा बाप."