घाबरणं वेगळं, घबराहट वेगळी

"आजी, घबराहट होतेय," नात म्हणाली, आणि मी तिला भाषण दिलं.

देवासच्या आमच्या घरी मागच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती, सातवा सरत आलेला. मी म्हटलं, यात घाबरायचं काय गं, जगातल्या बायका काय आभाळातून पोरं झेलतात? तुझा बाप झाला तेव्हा मी... भाषण चांगलं रंगात आलं होतं. तिनं ताट खाली ठेवलं आणि दम खात म्हणाली, "मी घाबरत नाहीये आजी. घबराहट होतेय."

माळव्यातल्या मराठी घरांची ही गंमत आहे. पोरं हिंदी शाळेत शिकलेली. छातीत धडधडायला लागलं की इथं सगळे घबराहट म्हणतात, मग भीती असो वा नसो. आणि आम्ही म्हातारी माणसं त्यात आपलं मराठी घाबरणं ऐकतो. पीथमपुरात नोकरी करणारे आमचे नातजावई तर महाराष्ट्रातून आलेले, त्यांचं मराठी अजून कोरं करकरीत. तिनं फोन केला तर म्हणाले, "घाबरू नकोस, शिफ्ट सुटली की बसनं येतोच."

मी तिच्या गळ्याशी बोटं टेकली. शिवणयंत्र कापडाशिवाय पळवावं तशी नाडी पळत होती. बोटांनी ती लगेच ओळखली. माझीच होती ती, धारला असतानाची.

धारला मी नवी सून होते, पोट दिसायला लागलेलं. बसल्या बसल्या छातीत हे असंच सुरू व्हायचं. सासूबाईंना म्हटलं, "मला घाबरं होतंय." त्या म्हणाल्या, "घाबरायला स्वयंपाकघरात काय वाघ शिरलाय? चूल विझतेय ती बघ." मी फुंकणी घेतली, पोटातून जोर काढून फुंकलं, आणि छातीतलं यंत्र खटकन थांबलं. आता कोणाही शहाण्या बाईनं वैद्याला सांगितलं असतं. पण धारची ती सून इतकी हुशार, तिनं ठरवलं की अग्निदेव आपल्यावर प्रसन्न आहेत. त्यानंतर धडधडलं की धावली चुलीकडे. घरभर कौतुक, काय कामसू सून मिळाली! कौतुकानं तर ती आणखीच फुगली. पुढे घरात गॅस आला तेव्हा ही बाई चूल मोडू देईना. "अहो, गॅसच्या भाकरीला चव नसते," असं नवऱ्याला तोंड वर करून सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी ते खरं मानलं.

तर आम्ही नातीला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. छातीला तारा लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली, बघितली, आणि तिला डाव्या कुशीवर कलतं करून हातात रिकामी सिरिंज दिली, सुई नसलेली. "इसमें फूँको, इतना ज़ोर से कि पीछे का डंडा हिले." पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा डंडा हलला आणि नात म्हणाली, "थांबलं."

मी तर खुर्चीतून उठलेच. "अहो, ही तर माझी फुंकणी!" डॉक्टरीणबाईंना सगळी चूल सांगितली. त्या पोट धरून हसल्या. मग नीट समजावलं: हिच्या हृदयात विजेला जायला एक जादा वाट आहे, कधी ठोका त्या वाटेनं गोल गोल फिरत बसतो. पोटुशीपणी रक्त वाढतं, म्हणून जास्त वेळा होतं. जोर लावला की कधी ती फेरी तुटते. "आपको भी यही रहा होगा, माँजी, अब पक्का तो कह नहीं सकती. लेकिन हर बार फुँकनी के भरोसे मत बैठना. न रुके तो सीधे यहाँ."

तिला रोजची गोळी सुरू झाली. ती मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी नातीला एकदा आणि मला तीनदा बजावलं. बाळंतपण नेहमीसारखंच होऊ शकेल, पण छातीला तारा लावून, ठोके पडद्यावर बघत, आणि धडधड थांबवायचं इंजेक्शन उशाशी तयार ठेवून.  घरी आल्यावर नातीनं फक्त मला विचारलं, "आजी, मध्येच सुरू झालं तर बाळाचं काय होईल?" मी उठून देवापुढे दिवा लावला, आणि मी अवेळी दिवा लावला म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

दिवस भरले आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात बाळंतपणाच्या खोलीत एकच बाई सोबत चालणार होती, आणि नातीनं आईला सोडून माझं नाव घेतलं. सूनबाईचा चेहरा पडला. मी तोंडदेखलं "अगं, तूच जा" म्हटलं आणि चपला काढून आत शिरले.

कमरेत दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे पोरगी हसत बोलत होती. दुपार चढली, आणि पडद्यावरची हिरवी रेघ एकदम दाट झाली. नातीनं माझा हात धरला. "आजी, घबराहट."

सिरिंज आली. ती फुंकतेय, आणि तिच्या जोडीला गाल फुगवून मीही फुंकतेय. माझं डोकं गरगरलं तशी नर्सनं मला स्टुलावर बसवलं. "माँजी, डिलीवरी इनकी है." रेघ काही हटेना. पुन्हा फुंकलं. फुंकणी हरली.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन हातात घेतलं. "बेटा, एक पल को लगेगा सब डूब रहा है. फिर ठीक." औषध गेलं. रेघ सपाट झाली. अग्निदेव, वरुणदेव, कुलस्वामिनी, सासूबाईसुद्धा, मी कोणाकोणाला हाका मारल्या कोण जाणे. मग एक ठोका उमटला. मग दुसरा. मग शहाण्यासारखे, एकामागे एक. आणि दुसऱ्या पडद्यावर बाळाचे ठोके आपले चालूच, जसं काही त्याला आमच्याशी देणंघेणंच नव्हतं.

ऊन कललं तेव्हा पणती झाली, खणखणीत आवाजाची. आईच्या गोळीनं बाळाची साखर उतरू शकते म्हणून नर्सनं टाचेला सुई टोचली, तर तिनं ती खोली डोक्यावर घेतली. साखर छान होती. मी दारात जाऊन सूनबाईला आणि बसमधून उतरून धापा टाकत आलेल्या नातजावयांना सांगितलं. ते म्हणाले, "आजी, ती घाबरली नाही ना?"

परत आत आले तर पणतीला नातीच्या छातीवर ठेवलेलं. ती त्या एवढ्याशा तोंडाकडे बघत होती, हात कुठं लावावा कळत नसल्यासारखी.

मी विचारलं, "काय गं, पुन्हा घबराहट?"

"नाही आजी," ती म्हणाली. "आता घाबरलेय."

"मग घाबर," मी म्हटलं, आणि तिचा हात उचलून बाळाच्या पाठीवर ठेवला.