गौरव दालनातली माझी लाथ

फुटबॉलच्या राष्ट्रीय गौरव दालनात माझं नाव लागणार असल्याचा फोन आला, तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या पायांची ख्याती एवढीच आहे.

हे दालन दूर एका मोठ्या शहरात आहे. तिथे देशातल्या नामवंत खेळाडूंचे फोटो लावतात, आणि न खेळताही या खेळासाठी झिजलेल्या माणसांची एक वेगळी भिंत आहे. त्या भिंतीवर मी! मी ‘अगं थांब’ म्हणेपर्यंत सुनेने गल्लीत पेढे वाटले. एक मीही खाल्ला. चांगला होता.

आता खरं काय ते लिहितो. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात फुटबॉल आणला माझ्या शाळेतल्या दोस्ताने. तो बौद्ध वस्तीतला, फौजेत गेलेला. नगरच्या छावणीत खेळ शिकला आणि निवृत्त होऊन आला तो चेंडू काखेत घेऊनच. दिवाळी झाली की आमचा निम्मा गाव ऊसतोडीला जातो. मागे आजी-आजोबांजवळ राहिलेली पोरं दिवसभर उनाडत. ती त्याने गोळा केली. माळावरचे दगड वेचले, कांद्याच्या गोण्या उसवून गोलाच्या जाळ्या शिवल्या. उन्हाळ्यात आईबाप परतले की त्यांच्यासमोर स्पर्धा भरवायची, असं त्याने ठरवलं.

इथे मी येतो. आमच्या गावात कशालाही मान लागतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, जत्रेतला पहिला नारळ कुणाचा, हे सगळं ठरलेलं आणि बहुतेक आमच्या घराकडे आलेलं. फुटबॉल गावाने कधी पाहिला नव्हता, पण पहिली लाथ मारायचा मान कुणाचा हे गावाला पाठ होतं. दोस्त पहाटेपासून चुन्याच्या फक्कीने रेषा आखत होता. मी परीटघडीचं धोतर नेसून गेलो, चेंडूला हळदकुंकू लावलं आणि धावत जाऊन लाथ मारली. चेंडू जागचा हलला नाही. मी मात्र हवेत गेलो. पडण्यापूर्वीच्या त्या क्षणी वर्तमानपत्राच्या वार्ताहराने फोटो काढला. एक पाय आभाळात, हात पसरलेले, चेहऱ्यावर जिद्द. ती जिद्द नव्हती, धोतर सुटत होतं.

फोटोखाली छापून आलं : ‘ग्रामीण फुटबॉलचे जनक’. दुरुस्ती मागावी असं वाटलं होतं, पण त्याआधी पाहुण्यांसाठी जादा अंक मागवले. पुढे दरवर्षी भाषण आलं. सुरुवातीला मी ‘आपल्या गावाने हा खेळ आणला’ म्हणायचो. मग ‘आम्ही आणला’. शेवटी शेवटी ‘मी’. दोस्त तेव्हा समोरच उभा असायचा, गळ्यात शिट्टी अडकवून.

त्याने तयार केलेली दोन पोरं पुढे राज्याकडून खेळली. मग दालनाच्या लोकांनी इथे खेळ कुणी रुजवला याचा शोध घेतला, आणि सापडला तो माझा फोटो.

पेढा पचेना, तेव्हा मी एसटीने केडगावला गेलो. दोस्त हल्ली तिथे मुलाकडे असतो.

“या, गौरवमूर्ती!” तो दारातच म्हणाला. “गुडघं कसं हायेत? खेळून खेळून झिजलं असतील.”

“तुला कळलं तर.”

“पार जामखेडपातुर कळलंय. बस.”

मी म्हणालो, “मी नाही म्हणून कळवतो त्यांना.”

मला वाटलं, तो गहिवरेल. तो भडकला. “म्हंजी परत तूच मोठा! त्यागी मानूस म्हनून आनखी एक फोटो छापून येईल. तुझं नाव निघालं म्हनून माझं लागतंय व्हय?”

“तुला हवंय का?” मी विचारलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

“पायजे हाय! लाजायचं काय त्यात? समदी उमर घातली त्या माळावर. लाव फोन, माझ्यासमोर लाव.”

मी लावला. खेळ मी आणला नाही, मला खेळता येत नाही, सगळं सांगितलं. पलीकडचे साहेब भारावले. “सर, केवढी ही नम्रता! मोठी माणसं असंच बोलतात.”

मी पुन्हा सांगितलं. ते आणखी भारावले. जन्मभर खोटं बोललो तेव्हा कुणी शंका घेतली नाही, आणि आता खरं कुणाच्या गळी उतरेना. शेवटी म्हणालो, “साहेब, ऑफसाइड म्हणजे काय ते विचारा मला.”

ते हसत म्हणाले, “सांगा.”

“चेंडू फक्कीच्या रेषेबाहेर गेला, की ऑफसाइड.”

तिकडचं हसू थांबलं. इकडे दोस्त हसता हसता खोकायला लागला. वहिनी पाणी घेऊन आतून धावत आल्या. “अर्र, भावजी, एवढी भाशनं केली की वो तुमी!”

साहेबांचा आवाज बदलला. “मग संघ कुणी उभा केला?”

मी फोन दोस्ताच्या हातात दिला. तो खाटेवर ताठ बसला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पहिल्यांदा नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मग म्हणाला, “लिव्हलं? वाचून दावा बरं.” तिकडून काहीतरी चुकलं असावं. त्याने पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. त्याचं असं पूर्ण नाव मी शाळेतल्या हजेरीनंतर ऐकलं नव्हतं. गावात आम्ही त्याला नुसतं ‘फौजी’ म्हणायचो.

आता मी मध्येच म्हणालो, “त्यांना सांग, मी साक्ष द्यायला तयार आहे.”

वहिनींनी चहाचा कप माझ्या हातात ठेवला. “भावजी, तुमी चा प्या. त्यांना बोलू द्या.”