तळ्याकाठचा पांढरा ठिपका

मावशींच्या जिभेवर एक काळा डाग होता, आणि तो जन्माचा नव्हता, कमाईचा होता. फोटो छापायच्या त्या दोन खोल्यांत, उत्तरेच्या खिडकीपाशी बसून त्या बत्तीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. मोठमोठ्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बुजवायचं. छापताना निगेटिव्हवर धुळीचा कण बसला, की कागदावर तेवढी जागा कोरी राहते. मग आकाशाला भोक पडतं, नवरीच्या केसांत कोंडा दिसतो, नाहीतर एखाद्या थोर गायकाच्या ऐन नाकावर भात चिकटल्यासारखा वाटतो. मावशी चार केसांचा ब्रश जिभेला टेकवायच्या, रंगात बुडवायच्या आणि श्वास रोखून त्या भोकात राखाडीचा एक कण सोडायच्या. मग ते भोक कुठे होतं, हे त्यांचं त्यांनाही सापडत नसे. जग त्यांना ठिपकेमावशी म्हणे.

खरं तर त्या आल्या होत्या पडदे शिवायला. अंधारखोलीच्या दाराला जाड काळे पडदे हवे होते. छापणारे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी पाहिलं की ही बाई दिवेलागणीच्या उजेडात सुईत पहिल्या फटक्याला दोरा ओवते. "पडदे राहू द्या," मास्तर म्हणाले, "तुम्ही इकडे या." पडदे राहिले ते राहिलेच.

अशी नजर काही संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी जाता येत नाही. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा मावशींच्या यजमानांनी हळूच विचारलं, "कशी वाटली?"

"गोड आहे हो पोरगी. पण तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, काहीतरी आहे."

मास्तर मात्र या नजरेवर खूश. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते मावशींकडे असा हात करायचे, जसा सूत्रधार नायिकेकडे करतो. "या आमच्या मावशी. यांच्या टेबलावरून गेलेला फोटो बत्तीस वर्षांत एकदाही परत आलेला नाही!" मावशी "चला, काहीतरीच" म्हणायच्या आणि मास्तर कधी ते बत्तीस वर्षांचं वाक्य विसरले तर त्याची वाट बघत राहायच्या.

त्या वर्षी एका फोटोवाल्या बाईंनी तळ्याचा एक फोटो आणला. संध्याकाळचं शांत पाणी, पलीकडचा काठ काळाभोर, काठावर एक खडक आणि वाकडं झाड. जगात त्याच्या दहाच प्रती निघायच्या होत्या. पहिली बाईंनी स्वतः छापून प्रदर्शनात लावली होती. उरलेल्या नऊ मास्तरांनी छापल्या, मावशींनी निगुतीने साफ केल्या, बाईंनी घाईघाईत पाठीवर सह्या ठोकल्या आणि लगेच स्वतः दौऱ्यावर निघून गेल्या.

चौथी प्रत एका निवृत्त लिफ्ट-दुरुस्तीवाल्यांनी मागवली होती. ठरलेल्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन हजर झाले. मास्तरांनी फोटोवरचा पातळ कागद पडदा उघडावा तसा उचलला.

लिफ्टवाले वाकले. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा वाकले.

"मी कुठाय?"

"तुम्ही?" मास्तर गोंधळले. "तुम्ही हे काय, आमच्यासमोर."

"इथला नव्हे हो! तिथला! खडकाशेजारी होतो मी. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात गळ. प्रदर्शनात बघितला तेव्हा ओळखलंच मी. तो खडक, ते झाड, ती संध्याकाळ. तिथे एक पांढरा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे मी!"

लिफ्टवाल्यांच्या बाई मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "यांचा आजवर एक फोटो धड आलेला नाही. लग्नातल्या सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले. ओळखपत्रावर उघडे आहेत, पण ते बघून पहारेकरी दचकतो."

"म्हणून तर घेतला," लिफ्टवाले म्हणाले. "हा एकच जमलाय."

"जमणारच. तोंड कुठे दिसतंय त्यात."

मास्तरांनी घसा साफ केला. "माफ करा, पण ती धूळ असणार. प्रदर्शनातली प्रत आमच्या हातची नाही, कण राहून गेला असेल. आमच्याकडे तसं चालत नाही. या आमच्या मावशी! यांच्या टेबलावरून बत्तीस वर्षांत..."

"म्हणजे," लिफ्टवाले हळूच म्हणाले, "मी धूळ होतो?"

बाई आधी फिसकन हसल्या. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, हसू गिळलं आणि त्याच्या बाहीवर नसलेली सुरकुती सरळ केली. "राहू द्या हो. पाणी काय सुंदर आलंय बघा. आपण पाण्यासाठी लावू."

इकडे खिडकीपाशी मावशींनी ब्रश खाली ठेवला. तो ठिपका त्यांना पक्का आठवत होता. नऊच्या नऊ प्रतींवर, खडकाशेजारी, एकाच जागी. "काय चिवट कण आहे मेला," असं म्हणत त्यांनी तो नऊ वेळा बुजवला होता. कण नसेल तर? पण विचारणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर स्वतःहून पाठीशी घालत होते, गिऱ्हाईक निघायच्या बेतात होतं, बत्तीस वर्षं शाबूत राहत होती. फक्त जिभेचा डाग तोंडात ठेवायचा होता.

लिफ्टवाले पातळ कागद पुन्हा फोटोवर पसरत होते. फार हळू, एखाद्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "त्याची निगेटिव्ह काढा."

"कशाला आता?" मास्तर कुजबुजले.

"काढा म्हणते ना!"

निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ठेवली गेली. मावशींनी भिंग लावलं, हवा मारायचा रबरी फुगा घेतला आणि त्या जागेवर दाबला. फुस्स. भिंगातून पाहिलं. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा तर असा दाबला की मास्तरांच्या टेबलावरच्या पावत्या उडाल्या.

"धूळ असती तर गेली असती," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "हे गृहस्थ जागचे हलत नाहीत. डोक्यावर टोपी आहे. हातात काठी."

"गळ," लिफ्टवाले म्हणाले.

"गळ. तुम्हाला मी बुजवलं, साहेब. एकदा नाही, नऊ वेळा. चूक मास्तरांची नाही, माझी आहे. हा फोटो माझ्या टेबलावरून परत आला असं समजा."

मास्तर उडालेल्या पावत्या वेचायला वाकले. मावशी ओरडा ऐकायच्या तयारीने उभ्या राहिल्या. पण लिफ्टवाल्यांनी बायकोचा दंड धरून गदागदा हलवला.

"अगं, मी होतो! ऐकलंस? मी खरंच होतो!"

"ऐकलं, ऐकलं. हात सोडा, बांगडी फुटेल."

"पण आता मला काढणार कसं?"

"घातलं तसंच," मावशी म्हणाल्या. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात अमोनियाचा थेंब टाकला आणि खडकाशेजारी हलकेच टेकवला. कापूस राखाडी झाला. बदलला. पुन्हा टेकवला. तिघांची डोकी टेबलावर इतकी वाकली, की उजेड अडला आणि मावशींनी एकेकाला कोपराने मागे सारलं. काळ्या काठावर आधी एक पुसटसा डाग उगवला, मग टोपी, मग शर्ट.

"हाच!" लिफ्टवाले म्हणाले. "बघ, उभा कसा ताठ आहे!"

मावशींनी टीपकागद दाबून उचलला आणि त्यांच्या भुवया चढल्या. टोपीवाल्याच्या डाव्या हाताला, खडकाला टेकून, आणखी एक ठिपका वर आला होता. जरा बसका, जरा राखाडी, निगेटिव्हवर खडकाचाच भाग वाटलेला.

"हे कोण?"

लिफ्टवाले एकदम खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी मावशींच्या हातातून भिंग जवळजवळ ओढूनच घेतलं.

"अगंबाई, माझा दादा! अहो, दादा आहे हा! प्रदर्शनात मला का नाही दाखवलात?"

"तुझा चष्मा घरी होता ना."

"चष्मा होता की!"

लिफ्टवाले मावशींच्या कानाशी वाकले. "ताई, तेवढा बुजवता येईल? दिवसभरात एक मासा नाही मिळाला त्याला. माझे चार घरी नेऊन स्वतःचे म्हणून सांगितले हो."

मावशींनी रंगाच्या डबीचं झाकण घट्ट लावलं. "साहेब, आजपासून ओळखदेख झालेल्या कुणालाही मी बुजवणार नाही. आणि यांची आता झाली आहे."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "बाकीच्या आठ काढा. ज्या गेल्यात त्यांना फोन करा. सांगा, आमच्या मावशी चुकल्या."

मास्तर कपाटाची किल्ली शोधू लागले.

"फिका तरी करा थोडा," लिफ्टवाले अजून विनवत होते.

बाईंनी भिंग सोडलं नव्हतं. "काय उठून दिसतोय," त्या म्हणाल्या. "आमच्या दादाचा फोटो नेहमी छानच येतो."